आक्काची खांदेमळणी

बावन्न दरवाजांच्या आमच्या औरंगाबादेत त्या काळी हकीम होते, वैद्य होते, विलायतेला जाऊन आलेले एक डॉक्टरही होते. परंतु रोग्याच्या नाडीला, जिभेला किंवा कपाळाला काहीएक न विचारता थेट त्याचा कान चिमटीत धरून ताप सांगणारी बाई सबंध मोगलाईत एकच होती, आणि ती माझ्या खोलीत राहत असे. मी मुलींच्या शाळेत शिकवण्यासाठी शहरात नुकतीच आलेली, ती एका लहानशा दवाखान्यात परिचारिका. एकट्या बाईला बिऱ्हाड द्यायला कोणी राजी नव्हते, म्हणून दोन एकट्या बायकांनी मिळून एक घेतले. वयाने ती माझ्याहून बरीच मोठी, तेव्हा मी तिला आक्का म्हणू लागले, आणि माझे ऐकून सारी गल्ली. थर्मामीटर ती लावत नसे असे नाही. लावी, पारा उजेडाकडे धरून पाही, कागदावर उतरवी. पण ते सारे सरकारसाठी. स्वतःच्या समाधानासाठी ती रोग्याच्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनी यांत धरी, डोळे किंचित मिटी आणि जणू जमिनीची ओल पाहावी तशी ती पाळी चाचपून म्हणे, "उतरतोय. उद्या सकाळी भाकर मागंल." कोणी हसलेच तर तिचे उत्तर तयार असे, "गुराला इचारून सांगतंय का ते? त्याचा कान बघावा लागतो. माणूस बोलतंय म्हणून त्याच्याकडं बघायचंच नाय, आसं थोडंच हाय?"

तिचा जन्म वैजापूरकडच्या काळ्या रानातला, जिथे शेजारीण म्हणजे तीन बांध ओलांडून पलीकडे निंदायला बसलेली बाई. त्यामुळे कानात सांगण्याची गोष्टही ती तीन बांध ओलांडून सांगे. संध्याकाळी पाणचक्कीच्या बाजूने ओलसर वारा येई, मशिदीवरचे पारवे घुमू लागत, मी उंबऱ्यावर बसून मनाशी दोन ओळी जुळवीत असे, आणि तेवढ्यात दवाखान्याच्या ओसरीवरून त्या वाऱ्याला चिरत आक्काची पृच्छा येई, "शेठ, सकाळी पोट साफ झालं का?" शेठ म्हणजे गुलमंडीचे एक अत्यंत नाजूक, अत्यंत अबोल अत्तरवाले. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना टांगेवाल्याने मला गंभीरपणे विचारले, "क्यों बाईसाब, अत्तरवाले सेठ का पेट कैसा है अब?" मी खाली मान घालून म्हटले, बरे आहे. सगळ्या शहराला ठाऊक असलेली बातमी मी एकटीने काय लपवणार?

रोग्यांना उठवण्याची, वळवण्याची, बसवण्याची तिची भाषाही शब्दांची नव्हती. जिभेने टाळूवर एक 'च्यक च्यक' असा आवाज काढला की दुखणाईत कुशीवर वळे, लांबवून 'हो... हो...' म्हटले की थांबे. मोठे आश्चर्य हे की सगळे वळत आणि सगळे थांबत. तालुक्याला दरारा असलेला एक पेशकार हाडमोडीने आला होता. पहिल्या दिवशी त्याने या आवाजाचा अपमान मानून तोंड भिंतीकडे फिरवले. "च्यक च्यक" ऐकून तो फिरला नाही. पण आक्काने त्याच्या पाठीवर, बरोबर मणक्याच्या डावीकडे, तळहाताने एक थाप दिली, आणि पेशकारसाहेब निमूट वळले. घरी जाताना त्यांनीच मला विचारले, की बाईंना बैल विकत घ्यायचा असल्यास आपल्या ओळखीचा एक व्यापारी आहे, सांगू का.

शेत मागे सुटले होते, पण सुटले म्हणजे केवळ पायांखालून. आमच्या खिडकीत पोचे पडलेले एक तामचिनी घमेले होते, दवाखान्याने टाकून दिलेले. त्यात तिने काळी माती भरली होती आणि दरसाल मृगाला त्यात ज्वारी पेरी. चार-सहा ताटे येत. त्यांना कणसे धरली की माझ्या खोलीचे रान होई. मला खिडकी उघडण्याची मनाई, चिमण्यांना तर मृत्युदंडच. "हुर्रर्र!" अशी तिची आरोळी उठली की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या हातची जपमाळ गळून पडे. शेवटी तिने बँडेजच्या जुन्या पट्ट्या गुंडाळून वीतभर उंचीचे एक बुजगावणे केले. त्याला अंगरखाही होता, आणि तो हिमरूच्या रेशमी कापडाचा होता. त्याची हकीकत अशी : एका हिमरू विणणाऱ्या कारागिराचे दोन्ही हात पोळले होते. जखमा भरल्या, पण बोटे आखडलेली, आणि मागाच्या धोट्याला हात लावायची त्याला भीती बसलेली. भिंतीकडे बघत पडून राही. आक्काने त्याला आपल्या हाताने घास भरवले, आणि ओठांपाशी घास नेताना रोज थोडा अलीकडेच धरला, म्हणजे तो घ्यायला त्याचा हात आपोआप उठावा. पुढे अंबाडीचा वाख त्याच्या पुढ्यात टाकून म्हणाली, "रेशीम ऱ्हाऊ दे. आधी गाईचं एक दावं वळ." तो दावे वळू लागला. पहिले दावे असे झाले की त्याने बांधलेली गाय शिंकेनेही सुटली असती. आक्का रोज ते उकली आणि पुन्हा वळायला देई. बोटे मोकळी झाल्यावर त्याने जांभळ्या-सोनेरी हिमरूचा एक तुकडा आणून तिच्या पायाशी ठेवला. त्याची चोळी शिवशील की उशीचा अभ्रा करशील, मी विचारले. तिने तो बुजगावण्याला चढवला. निजामाच्या पदरी असलेल्या सरदारांनाही हेवा वाटावा असे ते बुजगावणे माझ्या खिडकीत उभे होते, आणि चिमण्या त्याला बघायला म्हणून अधिकच येऊ लागल्या.

तिचे सारेच बरोबर ठरे, असे मात्र मुळीच नाही. एकदा पावसाळ्यात डास फार झाले, तेव्हा गोठ्यात करतात तसा तिने खाटांच्या मधोमध कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. डास गेले, परंतु त्यांच्या पाठोपाठ रोगीही गेले. दम्याचा एक म्हातारा तर इतका खोकला की त्याला उचलून बाहेर चिंचेखाली ठेवावा लागला. धुरातून दवाखान्याचे मुख्य, हैदराबादचे डॉक्टरसाहेब प्रकटले, शेरवानीच्या बाहीने डोळे पुसत. रागातही त्यांची जबान खडीसाखरेची होती. म्हणाले, "बीबी, ये दवाखाना है, तबेला नहीं." आक्का त्या दिवशी फारच शरमली. दम्याच्या म्हाताऱ्याजवळ सारी दुपार पंखा हलवत बसली. तरी घरी आल्यावर म्हणालीच, "पण डास गेले का नाय, ते सांग."

या सगळ्याच्या शिखरावर होती तिची खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाचा खांदा मळतो. वर्षभर जिथे जू बसते, तिथे लोणी आणि हळद चोळतो, आणि त्याच्या कानाशी लागून सांगतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे निमंत्रण दिल्यावाचून दुसऱ्या दिवशी बैलाला पुरणपोळी द्यायची नाही, अशी रीत. आक्काला शहरात बैल कुठून मिळणार? पण दवाखान्यात दोघे डोलीवाले होते, रोग्यांना खांद्यावरून वाहणारे. पहिल्या वर्षी लोण्याची वाटी घेऊन ती त्यांच्यापुढे उभी राहिली, तेव्हा त्यांतले थोरले करीमचाचा चार पावले मागे सरले. "आपा, हमकू बैल समझे क्या?"

आक्का म्हणाली, "बैल असतास तर इचारलं नसतंस. गुमान खांदा दे."

करीमचाचांनी सदऱ्याची बटणे सोडली. त्यांच्या खांद्यावर डोलीच्या दांड्याने पडलेला घट्टा होता, जांभळट आणि चकचकीत. आक्काने तो बोटांनी नुसता चाचपला, आणि मग कितीतरी वेळ मळत राहिली. लोण्याचा आंबूस, हळदीचा उष्ण असा वास ओसरीभर पसरला. त्यानंतर दर साली पोळा जवळ आला की करीमचाचा स्वतःच मला रस्त्यात थांबवून विचारत, "बाईसाब, मक्खन का इंतजाम हुआ?" मलाही तिने सोडले नाही. "दिवसभर पोरींचं वझं ओढतीस, तुझा खांदा काय दगडाचा हाय?" मी शिकलेली बाई, मी हसण्यावारी नेले. मग पुढच्या वर्षी पदर बाजूला करून मुकाट्याने बसले.

दुसऱ्यांना एवढी आग्रहाची निमंत्रणे देणाऱ्या आक्काला मात्र स्वतःच्या घरून आवतण नव्हते. बालपणीच वैधव्य आले, तेव्हापासून ती वडिलांच्या रानात राबली. नांगर धरी, मोट हाकी. एकदा विळ्याने पाय कापून घेतलेल्या एका मजूर बाईला तिने बैलगाडीतून औरंगाबादेला आणले, तिच्या सेवेला म्हणून राहिली, आणि ती बाई बरी होऊन गेली तरी आक्का परतली नाही. दवाखान्यातच शिकली. वडील संतापले. माणसांची घाण काढणारी मुलगी त्यांना चालणार नव्हती. "बैलाचं शेण काढल्यालं चालतंय, अन् माणसाचं नाय व्हय?" असे तिने विचारले, आणि तिने उत्तर द्यावे हेच त्यांना सर्वांत जास्त लागले. म्हणाले, "आजपास्नं ह्या घरचं आवतण तुला नाय." रीत अशी, की आवतणाशिवाय त्या घरी बैलदेखील जेवत नसे. आक्का गेली नाही. पण पावसाने ओढ दिली की खिडकीशी उभी राहून वैजापूरकडच्या आभाळाकडे बघे आणि घमेल्यातल्या ज्वारीला म्हणे, "तिकडं पडला आसंल गं."

एका आषाढात तिचे चुलतभाऊ वडिलांनाच घेऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. परंतु म्हातारा कबूल होत नव्हता. त्या साली त्याने हट्टाने स्वतः कोळपे धरले आणि ओळीच्या ओळी अशा साफ केल्या, की कपाशी सगळी निघाली आणि तण तेवढे सुखरूप राहिले. बांधावर येऊन कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "बघा, रान कसं लखलखीत केलं!" मग पुतण्यांनी त्याला पोळ्यासाठी बैलांचा साज घ्यायला औरंगाबादेत शहागंजच्या बाजारात जाऊ म्हणून रोटेगावहून आगगाडीत बसवले, आणि टांगा दवाखान्यापाशी थांबवला. म्हातारा चार दिवस भांडला, तोवर आक्का त्याच्या कानाआडच राहिली, पण अखेर श्रावणात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरसाहेबांनी बजावले, "हँसना मना, रोना मना, खाँसना मना, और ग़ुस्सा तो बिल्कुल मना. ज़रा भी हिले, तो आँख गई समझिए."

आता या म्हाताऱ्याला हमखास संताप आणणारी एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे आक्काचा आवाज. डोळा वाचवायचा तर आवाज गिळायला हवा. तेव्हा पाणचक्कीपर्यंत ऐकू जाणाऱ्या माझ्या आक्काने वडिलांच्या खाटेपाशी मुकी व्हायचे ठरवले. करीमचाचा तिचा आवाज झाले. ती खुणा करी, चाचा सांगत, "बाबा, नर्स बोलते, मुँह खोलो, दवा है."

"नर्स मुकी हाय का?" म्हाताऱ्याने विचारले.

"हौ बाबा. पैदाइशी."

साऱ्या खाटांवर उशा तोंडात कोंबून हसू दाबले गेले. म्हातारा मात्र प्रसन्न झाला. "बरं हाय. मुकी बाई म्हंजे देवाची करणी. माझी एक पोरगी होती, तिच्या जिभंला हाड नव्हतं." आणि तेव्हापासून तो रोज त्या मुक्या नर्सला आपल्या मुलीचे दुर्गुण ऐकवू लागला. तिला भाकरी थापता येत नसे. थापलीच तर तिच्यावर बसून ओढा पार करावा. तिला धार काढता येत नसे. म्हैस लाजेने आटे. एके दिवशी तर तो म्हणाला, "अन् नांगर धरायची तर तास सापावाणी वाकडं." नांगरटीतल्या तिच्या रेघेची ही निंदा निघताच आक्काच्या हातातली बँडेजची गुंडाळी पिळून दोरी झाली. करीमचाचा कुजबुजले, "आपा, सबर." दिवसभर अडवलेले ते सारे पाणी संध्याकाळी माझ्या खोलीत फुटे. "माझं तास सापावाणी? माझं? अगं, दोरी धरून बघ म्हणावं! पंचक्रोशीतली माणसं बघाया यायची माझं तास!" मग एकाएकी ती थांबे. "कान गार हाय त्येंचा," ती म्हणे, "ताप नाय. पट्टी सुटंपर्यंत आसंच ऱ्हाऊ दे, देवा."

आणि मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. मी लोणी आणि हळद घेऊन दवाखान्यात गेले. आक्काने ओसरीवर दोघा डोलीवाल्यांचे खांदे मळले. म्हाताऱ्याची खाट दाराशीच, म्हणून त्यांना आवतणही तिने ओठांतल्या ओठांत दिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला कुजबुजताना ऐकले. वाटीत थोडे लोणी उरले. ते घेऊन ती आत गेली, वडिलांच्या उशाशी बसली आणि मान तसूभरही हलू न देता तिने दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांखाली सरकवले. दोन्ही हात मळू लागले. बाहेर आभाळ भरून आले होते. तो हळदीचा वास, भिजल्या मातीचा वास आणि औषधांचा तिखट वास एकमेकांत मिसळत होते.

म्हातारा म्हणाला, "हळद जरा जास्त झालीया."

आक्काचे हात थांबले, पुन्हा चालू झाले.

"अन् आवतण?" तो म्हणाला. "मुकी खांदेमळणी माझ्या घरचा बैल घेत नाय. रीत इसरलीस व्हय?"

करीमचाचा लगबगीने पुढे झाले. "बाबा, वो नर्स तो..."

"तू गप रं. पयल्या दिशी तिनं माझा कान धरला, तवाच कळलं मला. कान बघाया मीच शिकवलंय तिला. अन् ती माझ्याच कानाला हात लावती, अन् म्हणती वळखायचं नाय!"

"मग बोलला का नाय, आबा?" कित्येक दिवसांनी त्या खाटेपाशी तिचा आवाज फुटला, आणि तोही अर्धाच.

"तू बोलली आसतीस तर मला राग आणावा लागला आसता," म्हातारा म्हणाला. "अन् सायबानं तर राग मना केलाय." मग म्हणाला, "रडायची बी मनाई हाय. माझ्या वाटचं तूच रड."

ती रडली. मग पदराने नाक पुसून, तीन बांधांपलीकडे जावा अशा आपल्या खऱ्या आवाजात तिने त्याच्या कानाशी लागून सांगितले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!" त्या आवाजाने म्हाताऱ्याचे डोके हलले नाही, हे पाहिल्यावर डोळा वाचणार याविषयी डॉक्टरसाहेबांनाही शंका उरली नसती. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, पिवळी झालेली चादर पाहून कालवण सांडले समजून त्यांनी विचारले, "ये सालन किसने गिराया?" तेव्हा आक्का वडिलांना दुधात कुस्करलेली पुरणपोळी भरवत होती. चावायची मनाई होती, म्हणून कुस्करलेली. म्हातारा मिटक्या मारत तक्रार करत होता, की पुरणात वेलदोडा कमी आहे.

पट्टी सुटली, डोळ्याला दिसू लागले. जायच्या दिवशी टांग्यात बसण्याआधी म्हाताऱ्याने त्या एका डोळ्याने आपल्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. ते पांढरे लुगडे, केसांतली रुपेरी रेघ. मग आपला खडबडीत पंजा तिच्या खांद्यावर ठेवला. लोणी नव्हते, हळद नव्हती. तो पंजा नुसताच दोनदा फिरला. "आज आवतण घे," तो म्हणाला, "सुगीला जेवाया ये. अन् नांगर धरून दाव. तास बघू दे मला." डॉक्टरसाहेब बाजूलाच होते. त्यांनी रजेचा अर्ज येण्याआधीच हात हलवला, "जाइए बीबी, ज़रूर जाइए. वरना ये बैल हमारे दरवाज़े से हिलेगा नहीं."

त्यानंतर ती दर सुगीला जाऊ लागली, आणि परतताना माझ्यासाठी हुरडा आणि स्वतःच्या घमेल्यासाठी मूठभर नवी माती आणी. काही वर्षांनी माझी बदली झाली. राज्य बदलले, शहरातली माणसे पांगली. ती गेल्याचे मला उशिरा कळले. म्हाताऱ्याच्या शेतातच तिने डोळे मिटले म्हणतात, सुगीच्या दिवसांत. हिमरूचा अंगरखा घातलेले, बदलीच्या वेळी तिने मला दिलेले ते बुजगावणे माझ्या खिडकीत अजून उभे आहे. रंग उडाला आहे, आणि चिमण्या आता त्याला मुळीच भीत नाहीत. पण तशा त्या तेव्हाही भीत नव्हत्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी थोडे लोणी काढते. आमच्याकडे डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला एक बाई येते, तिला ओसरीवर बसवते. यंदा ती लाजून हसली. "बाई, मी काय बैल हाय का?"

"बैल असतीस तर विचारलं नसतंस," मी म्हणाले. "गुमान खांदा दे."

तिने दिला. मी मळू लागले. हळद जरा जास्तच झाली होती. आक्काच्या हातांना दुखरी जागा नेमकी कुठे आहे ते आपोआप कळे. माझी बोटे शोधत राहतात. आवतण देण्यासाठी मी तिच्या कानाशी वाकले, आणि का कोण जाणे, आधी तो कान हलकेच चिमटीत धरून पाहिला.